चित्रं पाहून निवडलेली बटणं

१४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला, बाबांचा खोकलाही उतरलाय. तुझ्या प्रोग्रामच्या नव्या रूपाचं कौतुक ऑफिसातल्या मुलींनी कुठेतरी वाचलं आणि 'हा तुझाच भाऊ ना?' म्हणून माझ्याकडून चहा उकळला. पाजला मी.

मागच्या फोनवर तू विचारलंस, बाबा काय करतात. मी म्हणाले, 'चाललंय त्यांचं.' काही चाललेलं नाही.

डोळे गेले, नोकरी गेली आणि बाबा दिवसभर खुर्चीत बसून राहायला लागले, म्हणून तू कॉलेजात असताना हा प्रोग्राम लिहिलास. अंधशाळेसाठी लोक धडे वाचून, रेकॉर्ड करून पाठवायचे. त्यातल्या शिंका, अडखळणं बाबा कापून टाकायचे. टॅबची कळ दाबली की मशीनमधला वाचून दाखवणारा आवाज बटणांची नावं सांगायचा: कापा, जोडा, जतन करा. पुढे तू तो सगळ्यांना फुकट खुला केलास, जगभरची माणसं येऊन मिळाली. मला अभिमानच वाटला होता.

मग तुम्हाला नवं टूलकिट, म्हणजे प्रोग्रामला बटणं-खिडक्या पुरवणारं तयार सामान, हवं झालं. जुनं प्रत्येक कॉम्प्युटरची आपली बटणं वापरायचं, त्यामुळे तीन कॉम्प्युटरांवर त्याची तीन तोंडं. तुला लाज वाटायची. नवं सगळीकडे स्वतःच बटणं रंगवतं, एकसारखी. प्रोग्रामवाल्यांच्या ऑनलाइन सभेत, बाबाही होते तिच्यात, तू तीन टूलकिटांची चित्रं मांडलीस आणि विचारलंस, कुठलं देखणं? आंधळ्या माणसासाठी केलेल्या प्रोग्रामची बटणं तुम्ही चित्रं पाहून निवडलीत. यावर हसावं की रडावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रंगवलेली बटणं त्या आवाजाला सापडतच नाहीत, त्याच्या लेखी ती नुसती चित्रं. टॅब दाबलं की तो म्हणतो, 'रिकामं'. पुन्हा दाबलं, 'रिकामं'. बाबा म्हणाले, कीबोर्ड बिघडला असेल. मी नवा आणून दिला, तरी तेच. मग प्रोग्रामच्या पानावर पाहिलं, तर कुणीतरी हीच तक्रार केली होती आणि खाली तुझं उत्तर होतं: 'पुढे बघू, असे वापरणारे फार थोडे आहेत.' त्या थोड्यांत घरचा एक तरी धरला होतास का रे?

जुनी आवृत्ती आता आपल्या मशीनवर चालत नाही. मी म्हटलं, 'बाबा, तुम्ही सांगा, मी माउस चालवते.' एक धडा केला तसा. ते म्हणायचे 'किंचित मागे', आणि मी भलतीकडेच जायचे. धडा संपल्यावर म्हणाले, 'तुला तुझी कामं असतात', आणि हेडफोन कपाटात ठेवून दिले. शाळेने थोडी वाट पाहिली आणि काम दुसरीकडे दिलं. शाळेतल्या बाई फोनवर फार गोड बोलल्या.

काल जेवताना मी तुझा उद्धार करत होते. बाबा म्हणाले, 'त्याला बोलू नकोस. मला आधीच माहीत होतं.'

सभेआधी तू सगळ्यांना नमुना पाठवला होतास. तो त्यांनी चालवून पाहिला होता. तेव्हाही मशीन 'रिकामं'च म्हणालं होतं.

'मग सभेत "मला चालेल" असं का म्हणालात?'

'किती खुशीत बोलत होता तो. मी कशाला मोडता घालू?'

आणि तू त्यांचं ते 'चालेल' लगेच उचललंस. कुणीतरी शंका काढली, तर म्हणालास, 'माझ्या वडिलांचीच हरकत नाही.' मी बाबांच्या खुर्चीमागे उभी राहून ऐकत होते. ज्याच्यासाठी घर बांधलं त्यालाच बाहेर काढून दार लावलंस, आणि कडी त्याच्याच हाताने घालून घेतलीस.

प्रोग्रामची जुन्या टूलकिटवरची प्रत मी वेगळी काढली आहे आणि आपल्या मशीनवर चालेल अशी करायला घेतली आहे. सगळ्यांना खुलाच आहे ना तो, तुला विचारायची गरज नाही. माझी अक्कल ऑफिसातल्या अहवालांपुरती, त्यामुळे ती कधी चालेल देव जाणे. चाललीच, तर तिच्यावर तुझं नाव राहील, कारण खुल्या प्रोग्रामांचा तो नियम आहे.

बाबांपाशी यातलं अक्षर काढू नकोस. तुला काही कळलेलं नाही, असंच त्यांना वाटू दे. तुझा फोन आला की ते विचारतील, नवं रूप लोकांना आवडलं का. हो म्हण. तेवढं तुला जमेल.

ताई