रोट संपत नाहीत

शिरपूर, मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

हेमराज,

फोन लावला की कापतोस. पुन्हा लावला, पुन्हा कापला. सुरतेला जाऊन हेच शिकलास का? म्हणून कागदावर लिहिते. सूनबाई सारिका फोटो काढून तुझ्या मोबाइलवर टाकेल. अक्षर वाकडं आहे, मुकाट्यानं वाच.

इकडे सगळे बरे. कापूस बरा. माझे गुडघे बरे नाहीत, पण तुला कुठं विचारायचंय!

रविवारी कानबाईमाता बसली. मी तुझ्या बापाकडे गेले होते. भाऊ आहे माझा, मला तोडता येत नाही. वीस वर्षं सरपंच. जत्रेत जीवरामआबा येऊन बसल्याशिवाय तमाशाचा वग सुरू व्हायचा नाही. यंदा वगात राजाचं राज्य गेलं, तर पोरं भाऊकडं बघून शिट्ट्या मारत होती. भाऊबंदांनीच ग्रामसभेत हात वर करून खुर्चीवरून खाली ओढला. ओढणारच! पाण्याची टाकी गावाची आणि बांधली स्वतःच्या मळ्याला लागून. तिथं तू उभा राहून बापाविरुद्ध बोललास ते खरंच होतं. मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

ओसरीत कानबाईच्या प्रसादाचे परातभर रोट, वर फडकं. आधी पंगतीवर पंगती उठायच्या, यंदा भाऊबंदांतलं काळं कुत्रं फिरकलं नाही. पितांबरकाका समोरच्या ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. म्हटलं, "काका, चला ना."

"आम्ही आमचे वेगळे केले यंदा," म्हणाले. वर बघितलं नाही.

रोट कुळाबाहेर जात नाहीत, पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायचे. मी त्याच घरात जन्मले, पण लग्न झालं, आता मलाही चालत नाही. वहिनी राहिली नाही. तो एकटा चावत बसतो आणि मी समोर बघत बसते. मला राग आला. म्हटलं, "भाऊ, एवढे कशाले करात? कोन खाई?"

"बठ्ठा येतीन." सगळे येतील म्हणे!

"डोकं ठिकानावर शे का तुनं?"

पाणी प्यायला, परत चावायला लागला.

मग शेजारची भिकुबाई मला आत घेऊन गेली. रोटाचे गहू मोजताना ती तिथं होती. पुरुषामागं एक मूठ, नाव घेऊन टाकायची. भाऊनं सगळ्या भाऊबंदांची नावं घेतली. शेवटी तुझं घेतलं.

त्या ग्रामसभेनंतर त्यानं काय केलं ते मी लिहिणार नव्हते. भर दुपारी ओट्यावर बसून, सगळ्यांदेखत, पोरगा मेल्याची आंघोळ केली. मी विसरले नाही, तू कसा विसरशील. पण मूठ जित्या माणसाचीच टाकतात, हेमराज.

तुझ्यानंतर अजून एक मूठ भरली. भिकुबाईनं विचारलं, ही कोणाची? "मना नातूनी." नाव काय? तर तसाच बसला म्हणे, हातात गहू धरून. तुला मुलगा झाला हे मीच त्याला सांगितलं होतं. नाव मला तरी कुठं माहीत!

माफ कर म्हणत नाही. पाया पड म्हणत नाही. भांडायचं तर भांड, पण त्याच्यासमोर बसून, दोन घास खाऊन भांड. बायकोला, ऋतिकाला आण, पोराला आण.

शनिवारी पौर्णिमा आहे. उरलेले रोट त्याला स्वतःच्या हातानं खड्डा करून पुरावे लागतील. येणार असशील तर शुक्रवारपर्यंत कळव. नसशील येणार, तरी शुक्रवारपर्यंत पोराचं नाव तेवढं कळव. मी गावी जाऊन त्याच्या कानात सांगेन.

तुझी फुई,
लताबाई