पहिल्या सिझरचं सांगायचं राहिलं

अहो,

तुमचा फोन चार्जिंगलाच राहिला, म्हणून लिहून ठेवते.

मी नऊच्या बसने धुळ्याला दवाखान्यात जातेय. दुखत नाहीये, बाळ हलतंय. सिझर ठरल्याप्रमाणे उद्याच आहे. सोबत नूतनवहिनी आहेत.

ईश्वरीच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिल्यावरही मला डाव्या बाजूला कापलेलं कळत होतं. ओरडले तर डॉक्टर म्हणाले, "तुम्ही घाबरल्यात, म्हणून तसं वाटतंय." मग पूर्ण भूल दिली. घरी आल्यावर आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "पोर चांगली शे ना, मंग बठ्ठं चांगलं शे." पोर चांगलीच होती, मग सगळंच चांगलं, म्हणून तुम्हाला काही बोलले नाही. त्याला पाच वर्षं झाली.

या वेळी तारीख मिळाल्यापासून जेवण जात नाही. आईंना वाटतं, मला अपचन झालंय. शेवटी काल दवाखान्यातल्या भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "उद्या अकराला या, समोरासमोर बोलू. तुम्हाला दुखत नाही याची खात्री झाल्याशिवाय मी कोणाला सुरुवात करू देणार नाही."

म्हणून एक दिवस आधी जातेय. फाईल आणि दुपटी घेतली आहेत. ईश्वरीची शाळा चारला सुटते, तिला आणा. आईंना तपासणीला गेली एवढंच सांगा.

संध्याकाळी तुम्ही या. माझी समजूत घालू नका. तेव्हा काय काय झालं ते विचारा, मी सांगेन.

सारिका