कॉम्प्रेसर बदलावा की पाट परत करावेत

नेरे, पनवेल
१५ जून २०२५

चि. समीक्षास,
बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगलीहून पाठवलेली चटई पोचली. पार्सल फोडल्यावर तुझ्या आईला वाटलं, गोठ्यात घालायचं रबरच आलं, एवढी जाड! मूर्ती रंगवताना दिवसभर उभं राहून माझे गुडघे धरतात, हे तू मेच्या सुट्टीत पाहून गेलीस आणि लक्षात ठेवलंस, याचं फार बरं वाटलं. कारखान्यात आपण चपला घालत नाही, त्यामुळे लादीचा गारवा थेट हाडात जायचा. आता आराम आहे. परवापासून तिच्यावरच उभा असतो.

बाकी एक कटकट झाली आहे. आपला कॉम्प्रेसर बिघडला. फवारताना रंगाची बंदूक मध्येच थुंकते. काल एका मूर्तीच्या गालावर ठिपके उडाले, सगळं पुसून पुन्हा पांढरा मारावा लागला. यंत्र जुनं आहे, तुझ्या दहावीच्या वर्षी घेतलेलं. दुरुस्त करावं की नवं घ्यावं, मला काही सुचत नाही. फोन करू नकोस, मला ऐकू येत नाही. कानातलं मशीन लावलं तर नुसता पंखा ऐकू येतो. आणि मोबाइलवर अंगठ्याने लिहिलेलं मला बोलल्यासारखं वाटत नाही, म्हणून पत्रच लिही.

ओवे गावच्या तुळशीरामांचा पाट यंदाही सगळ्यांत आधी आला. त्यांचा गणपती त्यांच्या घरच्या पाटावरच करून द्यायचा, हे तुझ्या आजोबांपासून चालत आलंय. पाट घेतला म्हणजे शब्द दिला. तेव्हा काय ते लवकर सांग.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बाबा


सांगली
२१ जून २०२५

ती. बाबांस,
समीक्षाचा सा. न. वि. वि.

चटईला गोठ्याची उपमा दिल्याबद्दल आईशी माझा अबोला आहे, तिला कळवा.

कॉम्प्रेसरबद्दल विचारता आहात म्हणजे माझं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. काढून टाका! लहानपणी मला कधी घातलं नसेल एवढं तेल तुम्ही त्या मेल्याला घातलंत, आणि त्याने काय केलं? तुमचे कान खाल्ले. आता बिनआवाजाचे मिळतात. इतकी वर्षं त्याने धडधड केली, आता त्याला भंगारात निवृत्त होऊ द्या. मी इथून पाठवते, फक्त हो म्हणा.

नाहीतर आधी आत्याच्या परेशदादाला विचारा. तो उलव्याच्या नव्या इमारतींत दारं-कपाटं फवारतो, त्याच्याकडे नवा आहे. वापरून बघा आणि मग ठरवा. पण ठरवा.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.
तुमची
समीक्षा


नेरे
३ जुलै २०२५

चि. समीक्षास,
आशीर्वाद.

बाई गं, माझ्या डोक्याचा पार गोंधळ झालाय. पनवेलहून एक मिस्त्री आला, म्हणाला व्हॉल्व्ह गेलाय. व्हॉल्व्ह बदलला. तरी बंदूक थुंकते ती थुंकतेच. दुसरा आला, त्याचं म्हणणं जुना व्हॉल्व्हच चांगला होता, मोटर दमलीय. आणि गंमत अशी की दोघांनीही चालवून दाखवला तेव्हा यंत्र शहाण्यासारखं वागलं. ते गेले की माझ्या हातात पुन्हा तेच.

मग तुझ्या सांगण्याप्रमाणे परेशला बोलावलं. तो आपला नवा घेऊन आला. दिसायला देखणा आहे, आणि आवाजही नाही असं आई म्हणते. परेशने फवारलं, रंग रेशमासारखा बसला. मी फवारलं, थुंकला! म्हणून आपला जुना लावला. परेशच्या हातात तोही सरळ. माझ्या हातात दोन्ही वाकडे. आता यातला दुरुस्त कुठला करायचा आणि बदलायचा कुठला, ते तूच सांग.

परेश म्हणतो मामा काटा बघत जा, टाकीत हवा किती ते कळतं. आपल्या काट्याच्या काचेवर रंग बसून ती कधीच आंधळी झाली. त्याचा काटा स्वच्छ आहे, पण मला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि चष्मा लावून फवारलं की भिंगावर रंगाचा धूर बसतो. काट्याची मला सवयही नाही. आजवर त्याच्यावाचून अडलं नव्हतं.

एक विचार मनात येतो, तो लिहीत नाही.

बाबा


नेरे
९ जुलै २०२५

समीक्षा बाय,
तुज्या आयशीचा आशीर्वाद. मी बरी हाय.

मी कदी लिवत नाय, पण आता लिवते. तुजा बाबा दोन दिवस बंदुकीला हात लावत नाय. नुसता मूर्तींकडं बगत बसतो. काल बोलला, यंत्रात काय खोट नाय, खोट माज्यात हाय, हात गेला. पन कुंचल्यानं काडलेले डोळे अजून तसेच हायत. आता लोकांचे पाट परत करायचे आनि कारखाना बंद करायचा. मी बोलली, चटणीभाकर खा आनि मग बंद कर. तर जेवला पन नाय.

मागून हाक मारली तर ऐकत नाय ते म्हाईत हाय. पन आदी मी चालत आली तरी वळून बगायचा. आता खांद्याला हात लावला तर दचकतो. मना भ्या वाटतं. आमी काय करू ते तू सांग. गणपती नाय केले तर हा माणूस काय करल गं?

आई


सांगली
१३ जुलै २०२५

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं. तिने लिहिलं म्हणून तिच्यावर रागावू नका. पाट परत करायचं मनात आणलंत तर मी इथून निघून येईन आणि प्रत्येक पाटावर एकेक करून बसेन.

खरं सांगते बाबा, माझाही गोंधळ झालाय. मी मारे नवा घ्या म्हणत होते, आणि नवाही तेच करतो. हात गेला असता तर डोळ्यांच्या आखणीत कळलं असतं. आई म्हणते तुम्ही कुंचल्याने काढलेले डोळे अजून तसेच आहेत. मग बंदुकीनेच काय घोडं मारलंय?

माझं एक ऐका. बटण दाबल्यापासून रंग बसेपर्यंत तुम्ही काय काय करता, ते मला सगळं लिहा. अगदी बावळट पोरीला शिकवताय असं समजून.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
समीक्षा


नेरे
१९ जुलै २०२५

चि. समीक्षास,
आशीर्वाद.

यात लिहिण्यासारखं काय आहे? पण विचारलंस म्हणून लिहितो. बटण दाबतो. यंत्र सुरू झालं की लादी थरथरते, ती तळपायांना लागते. टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं आणि लादी शांत होते. ती शांत झाली की मी बंदूक उचलतो. कान गेल्यापासून माझा हाच काटा. इतरांना यंत्र बंद पडलेलं ऐकू येतं, मला पायांनी कळतं.

हल्ली मात्र थरथर येतच नाही. बटण दाबावं तर लादी शांत. म्हणजे टाकी भरलेलीच असणार असं समजून उचलतो, आणि बंदूक थुंकते. पहिल्यांदा वाटलं, यंत्र अशक्त झालं. परेशचाही तसाच निघाला तेव्हा उमगलं, माझे पायच मेले. साखरेने तळपाय बधिर होतात म्हणतात, तसंच असेल.

पूर्वी मी कामात असताना तुझी आई स्वयंपाकघरातून निघाली की मला कळायचं. तू कॉलेजातून आलेली कळायचीस. कान गेले तेव्हा मी रडलो नाही, कारण घर पायांना ऐकू येत होतं. आता कारखान्यात उभा राहिलो की कोणीच नसल्यासारखं वाटतं, आणि मला भीती वाटते, पोरी. तुझ्या चटईवर उभं राहिलं की गुडघे तेवढे दुखत नाहीत, एवढाच काय तो आराम.

तुळशीरामांना रविवारी, २७ तारखेला यायला सांगितलंय. अजून वेळ आहे, ते दुसरीकडे सांगू शकतील. त्यांची मूर्ती पाटावरून उतरवून पाट धुऊन ठेवीन.

बाबा


सांगली
२३ जुलै २०२५

बाबा,

मायना राहू दे. तुमचं पत्र आत्ता वाचलं आणि उभ्या जागी रडले. टपालाचा भरवसा नाही म्हणून परेशदादाला फोनही केलाय, तो येईल. पण तुम्ही माझ्या अक्षरातलंच मानता, म्हणून लिहिते.

चटई काढा.

एवढंच करा, बाबा. ती गुंडाळून बाजूला ठेवा आणि लादीवर उभे राहा. तुमचे पाय मेलेले नाहीत, मी झाकले. मी रबराचा एवढा जाड थर घातला, त्यातून थरथर पोचेल कशी? यंत्र ठीक होतं, हात ठीक होता. गुडघे दुखू नयेत म्हणून तुमचं ऐकणंच बंद केलं मी, आणि वर शहाणपणाने नवा बिनआवाजाचा घ्या म्हणत होते!

पाट धुवू नका. मूर्ती उतरवू नका.

तुमची
समीक्षा


नेरे
२८ जुलै २०२५

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परेश शनिवारी आला आणि थेट चटईच ओढायला लागला. त्याने तोंडासमोर येऊन सावकाश समजावलं, तरी मला वेडगळपणाच वाटला. मी लादीवर उभा राहिलो. त्याने बटण दाबलं.

आली गं! टाचेपासून गुडघ्यापर्यंत आली. टाकी भरेतो मी तसाच उभा राहिलो, आणि थांबली तेव्हा बंदूक उचलली. तुळशीरामांच्या मूर्तीचा पीतांबर एका दमात झाला, एक ठिपका नाही. तुझी आई म्हणते मी हसत होतो. परेश म्हणतो रडत होतो. नक्की काय ते मला सांगता येणार नाही.

रविवारी तुळशीराम आले. मी पाठमोरा होतो, तरी ते पडवीतून आत आलेले मला कळले. पाट परत द्यायला बोलावलंय हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे चेहरा उतरलेला. पाटावरची मूर्ती पाहिली, हात जोडले आणि चहा न घेताच आनंदात गेले.

कॉम्प्रेसर बदलायचा नाही, आणि दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतंच. परेशने काट्याची काच तेवढी घासून दिली, तुझं मन राहावं म्हणून. गुडघ्यांसाठी मी आता स्टुलावर टेकतो, पाय लादीवर. चटई आई स्वयंपाकघरात घालणार होती. मी नको म्हटलं. तिची पावलं मला हवी आहेत. शेवटी परेश घेऊन गेला.

तू मनाला लावून घेऊ नकोस. माझे गुडघे कोणाच्या लक्षात राहिले, हे मी विसरणार नाही.

गणपतीला येशील तेव्हा दाराची बेल वाजवू नकोस, ती तुझ्या आईसाठी आहे. पडवीत पाय आपट, लहानपणी रुसलीस की आपटायचीस तसा. मी आत डोळे आखत असलो तरी मला कळेल, समीक्षा आली.

तुझ्या पावलांवर लोभ असलेला,
बाबा