माझ्याकडे तर चालतंय

१२ ऑगस्ट

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे, घरमालकाने जिन्यातला दिवा अखेर बदलला. तुला बढती मिळाल्याचं आईकडून कळलं. कंपनीत एवढी माणसं असून तुझं काम कसं असतं ते कुणाच्याच लक्षात येत नाही, याचं कौतुक वाटलं.

बाबांचा प्रोग्रॅम मी नव्याने लिहिला. तुझा पुसून टाकला. हे कळवायलाच पत्र.

अर्धांगवायूने बाबांची वाचा गेली, तू रजा काढून आलास आणि चित्रावर बोट ठेवलं की यंत्र बोलेल असा प्रोग्रॅम करायला बसलास. इथवर तू शहाणा होतास. मग प्रोग्रॅम कुठल्या भाषेत लिहायचा, ते ठरवायची वेळ आली. मी म्हटलं, माझी जुनीच घेऊ, ती कुठल्याही डबड्यावर चालते. तू हसलास.

"ताई, ती आता पेन्शनीत गेली. ही नवी सगळीकडे चालते."

"कुठे कुठे चालवून बघितलीस?"

"तसं बघावं लागत नाही, तोच तर तिचा फायदा."

इतका आत्मविश्वास मी फक्त अभ्यास न करता परीक्षेला बसणाऱ्यांत पाहिलाय. तुझ्या महागड्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम छान बोलला. बाबा हसले, आईने डोळे पुसले. मग तू लॅपटॉप काखोटीला मारून गेलास. जाताना आमच्या स्वस्तातल्या टॅबलेटवर तोच प्रोग्रॅम चढवलास, उघडूनही न बघता. घरी आईला बाबांचं सगळं नुसत्या भुवईवरून कळतं, म्हणून टॅबलेट कपाटातच राहिला.

गेल्या महिन्यात बाबांना तपासायला नेलंय, असं मी तुला फोनवर सांगितलं होतं. तपासायला नव्हतं नेलं. छातीत कफ साठून श्वास लागला होता, ॲडमिट केलं होतं. आत कुणाला सोडेनात, म्हणून टॅबलेट आत पाठवला.

प्रोग्रॅम उघडला, हे खरं. पण नर्सने दारातून दाखवला, तर चित्रांच्या जागी कोरे चौकोन. चित्रांच्या फायलींची इंग्रजी नावं तू कुठे मोठ्या लिपीत लिहिलीस, कुठे लहान. तुझ्या लॅपटॉपला तो फरक कळत नाही, टॅबलेटला कळतो. अक्षरांचेही नुसते डबे झालेले. आणि आवाज नाहीच, कारण तो तुझ्या त्या थोर भाषेचा नव्हताच. लॅपटॉपचा होता, तू उसना घेतलेला. मी व्हरांड्यातून फोन केला तेव्हा तू काय म्हणालास, आठवतं?

"माझ्याकडे तर चालतंय."

तुझ्याकडे बाबा नाहीत, रे.

त्यांची लघवीची नळी तुंबली होती. पोट दगडासारखं झालेलं. "दुखतंय"ची जागा त्यांना पाठ होती, तिथल्या कोऱ्या चौकोनावर ते बोट दाबत राहिले. नर्स भली होती, तिनेच नंतर मला हे सांगितलं. "पाणी हवंय का आजोबा?" म्हणत तिने चमच्याने पाणी पाजलं. त्यांनी परत बोट दाबलं, तिने परत पाणी पाजलं. दुपारी डॉक्टरांनी पांघरूण काढलं तेव्हा कुठे कळलं.

आता घरी आहेत, बरे आहेत. मी सगळं त्या पेन्शनीतल्या भाषेत लिहिलं. अक्षरंसुद्धा चित्रं म्हणून ठेवली, आवाज माझाच भरला, म्हणजे कुठल्या यंत्रापुढे हात पसरायला नको. टॅबलेट, आईचा फोन, शेजाऱ्यांचा जुनाट कॉम्प्युटर, सगळ्यांवर उघडून बघितला. हो, बघावं लागतं.

काल बाबांनी डाव्या हाताने दोन बटणं दाबली. "धाकटा." "रागावू नको." मी म्हटलं, "कोण रागावलंय?" त्यांनी माझ्याकडे बघत दुसरं बटण पुन्हा दाबलं. त्यांचा शब्द मोडून हे लिहितेय, ते त्यांना सांगू नकोस.

मग त्यांनी "कधी येणार?" दाबलं. आई म्हणाली, तो कामात असतो. त्यांनी परत दाबलं. आज सकाळपासून तेच चाललंय. तू कधी येणार म्हणून घरभर माझा आवाज विचारत सुटलाय. माझ्या तोंडाने मी ते कधीच विचारलं नसतं.

तारीख कळव.

तुझी वाट न बघणारी,
ताई