विकीच्या कानाचं माप

११ जाने., रविवार
उजव्या कानाची पाळी फाटली. टीशर्ट काढताना कानाच्या भोकातलं टनेल, म्हणजे ती पोकळ नळी, अडकलं, बस. पाळी आधीच सडून दोऱ्याएवढी राहिली होती. डॉक्टरांनी टाके घातले. म्हणे, आता इथे काही घालायचं नाही, साधी बाळीसुद्धा नाही.
माय दवाखान्याच्या पायरीवरच सुरू : "मी सांगेल व्हतं ना तुले! तू आयकस का कोनं?"
आबा म्हणाले, दिवसभर कंपनीत पाईप मोजतो, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून कानातबी पाईप घातला. नर्स हसली. हसू दे.

१२ जाने., सोम.
सुट्टी टाकली. राग विझायच्या आत लिहून ठेवतो.
दिवाळीत धुळ्याला ताईकडे गेलो होतो. तिथे शाळेत शिकवते ती, खोली घेऊन एकटी राहते. तिच्या ओळखीतला विकी, टॅटू-पिअर्सिंगचं दुकान, स्वतःच्या दोन्ही कानांत ही मोठाली टनेलं. (यापुढे नुसतं वि. पूर्ण नाव लिहायची त्याची लायकी नाही.)
माझे कान, म्हणजे पाळीतली भोकं, आठ मि.मी.वर होते. दोन वर्षं दमानं वाढवले होते. एक मि.मी. वाढवायचा, मग महिनोन् महिने थांबायचं. मी स्पष्ट सांगितलं, नऊ दे, आणि काचेचं नाहीतर चांगलं टायटॅनियम. तर म्हणे, "सर्जिकल स्टील आहे भाऊ, एक नंबर. थोडं ढकललं की बसतं." आणि ढकललं. डोळ्यांतून पाणी आलं. तो आरशात बघून स्वतःचे केस सारखे करत होता.
कंपनीत मापाचा व्हर्नियर लावला तेव्हा कळलं. दहाच्या वर. शिवाय दोन्ही तोंडांना फुगीर कड. ताज्या ताणलेल्या कानात तसलं कधीच घालत नाहीत, कड आत जाताना पाळी चिरते. पंधरा दिवसांत मुलामा उडाला, खाली पितळ. स्टील म्हणे!
काढलं तर भोक आवळेल म्हणून तसंच ठेवलं, पू झाल्यावर फोन केला. "तुझी स्किन नाजूक आहे यार, मी काय करू?"
माझी स्किन.

१६ जाने., शुक्र.
डावा कान वाचवायचाच. मिठाच्या कोमट पाण्यानं शेकतोय. परत आठवर उतरलो. साधा काचेचा प्लग, गुळगुळीत, मागे रबराची रिंग. खाज थांबली. प्लास्टिक नाही, लाकूड नाही, बाजारातलं "स्टील" तर नाहीच. जखम पूर्ण भरली की खोबरेल लावून चोळायचं.
उजव्याचं काय चोळणार. शिवण आहे तिथे.

२५ जाने., रवि.
ताई आली. चहा झाल्यावर एकदम सांगितलं. वि.शी लग्न करायचंय. वर्षभर चालू होतं म्हणे! म्हणजे ताईनं मला त्या दुकानात नेलं ते कानासाठी नव्हतं, मला तो दाखवायला.
मी कानाकडे बोट केलं.
ताई : "त्याला वाईट वाटतं रे."
मी : "मग तो का नाही म्हणत?"
ती कप गोळा करायला लागली. मायनं विचारलं, "पोऱ्या आपलाच शे ना?" म्हणजे जातीतला. हो म्हटल्यावर माय खुलली. आमच्या घरात एवढ्यावर प्रश्न मिटतो. माझा कान गेला खड्ड्यात.

८ फेब्रु., रवि.
पाहुणे येऊन गेले. शेवभाजी, पुऱ्या, आंब्याचा रस नाही म्हणून शिरा. वि. माझ्याशेजारीच बसला. कानाकडे बघून हसला. "काय शालक, रिटायर झाले का एका कानातून?" सगळे हसले. आबासुद्धा.
एक वाक्य हवंय मला. "चुकलं माझं." दोन शब्द, पाहिजे तर हळू म्हण. ते न म्हणता हा माणूस माझ्या घरात रस्सा ओरपतो.
याला सोडणार नाही.

१५ मार्च, रवि.
बोलणी झाली. जावयाला अंगठी नको म्हणाले. त्याच्या आईनंच विषय काढला. पोरगा अंगठी घालत नाही, कानातच घालतो, तर कानातलं करा. जळगावचं सोनं! आबांनी मान डोलावली आणि माझ्याकडे बोट केलं, "यालाच कळतं त्यातलं. माप हाच घेईल."
मी व्हर्नियर घेऊन वि.समोर. मान वाकडी करून बसला होता, न्हाव्यापुढे बसल्यासारखा. बारा मि.मी. दोन्ही कान एकदम तयार, मऊ. इतके सुंदर कान त्या माणसाला!
मी आकडा मोठ्यानं नाही सांगितला.

१७ मार्च, मंगळ.
सोनाराकडे गेलो. आप्पा म्हातारे, हात पक्का. सोन्यात खोट नको म्हटलं. आबांचं सोनं आहे, ताईच्या नावानं जाणार. कड गुळगुळीत करा म्हटलं, निकेल अजिबात मिसळू नका.
मग माप सांगितलं. चौदा. आणि दोन्ही तोंडांना फुगीर कड.
आप्पांनी विचारलं, "एवढं?"
म्हटलं, "कान मोठे आहेत पाहुण्यांचे."
घरी येताना शीळ वाजवत होतो. खरंच.

१२ एप्रिल, रवि.
टनेलं आली. काय चमकतात! मी ताईला म्हटलं, घालून बघू दे त्याला. (मुद्दाम. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको, आधी का नाही घालून बघितलं.) तर त्याच्या आईचा फोनवर नकार. सासरचं सोनं देवापुढे ठेवून हळदीकुंकू लागल्याशिवाय अंगाला लावत नाहीत त्यांच्यात. लग्नाच्या सकाळीच घालणार, चार बायकांसमोर.
चार बायकांसमोर नाही बसलं तर तो काय करेल ते मला माहीत आहे. थोडं ढकलेल.

२५ एप्रिल, शनि.
धुळ्यात. हळद झाली. मांडवात वि. आपणहून जवळ आला, तोंडभर पिवळा. म्हणाला, "शालक, तुझ्या कानाचं वाईट झालं यार. तेव्हा घाई केली मी. सांगायला तोंड होत नव्हतं."
आज? आज सांगतोस, हरामखोरा? सहा महिने काय तोंड शिवलं होतं? आणि हे चुकलं म्हणणं झालं की नुसतं वाईट झालं म्हणणं?
"बघू," म्हटलं मी.
टनेलांची डबी त्याच्या आईकडे गेलेली आहे. देवापुढे.

२६ एप्रिल, रवि. सकाळ
मुक्कामाच्या खोलीत लिहितोय.
ताई आता येऊन गेली, नऊवारीत. कधी नव्हे ते पाया पडू का म्हणाली मला, लहान भावाला! चेष्टा करत होती, पण डोळे भरलेले. म्हणाली, "कानातलं मीच घालणार आहे त्याला. दोघांनी ठरवलंय, सासूबाईंनी डबीही माझ्याकडे पाठवलीय. जोर लागला तर लावू का रे? तूच सांग, तुलाच कळतं त्यातलं."
जोर ती लावणार. ताई.
मी म्हटलं, "आधी खोबरेल लाव." तिनं मान हलवली आणि गेली.
खाली बँड सुरू झाला. आबा जिन्यातून ओरडतायत, लवकर ये, कानपिळीला तू पाहिजे, नवरदेवाचा कान पिळायचा मान भावाचा असतो. बायका हसतायत.
ताईची खोली माझ्या खोलीला लागून आहे. दार उघडंच दिसतंय इथून. ती डबी उघडतेय.