‘कापूसगाडी’चा कोड माझ्या पश्चात कोणाकडे

मी सुनयना व्यंकटेश पांडे, वय एकसष्ट, राहणार बोथ, जिल्हा आदिलाबाद, पूर्ण शुद्धीत, चहा पिऊन, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते ते येणेप्रमाणे. दबाव आणणारा माझा भाचा जयदीप आज उटनूरला गेला आहे.

राहतं घर व बँकेतली शिल्लक मुलगी मयूरीला. शिलाई मशीन नणंद सुभद्राला. तिनं माझं इडलीपात्र अजून परत केलेलं नाही, तरीही.

आता खरी मिळकत. जिनिंग मिलवरून कापसाची गाडी परत आली तर ती का आली, हे शेतकऱ्याला घरबसल्या दाखवणारी ‘कापूसगाडी’ ही वेबसाइट मी वीसेक वर्षांपूर्वी एकटीनं लिहिली. सगळा कोड एकाच लांबलचक फाइलीत होता आणि चालत होता. मग जयदीप शिकून आला. म्हणे, डेटा, पडदा आणि हुकूम, तिघांची चूल वेगळी हवी. मांडली वेगळी. पुढे नवं फॅड आलं, बारीक तुकडे करा. केले. आता म्हणतो, “आत्या, आजकाल सगळं एकाच ठिकाणी ठेवतात.” मेल्या, मग मी कुठं ठेवलं होतं?

त्याच्या एका सुधारणेनं तर घात केला. परतीच्या कारणाच्या रकान्याला मी इंग्रजी अक्षरांत ‘काऊन’ (kaun), म्हणजे आमच्या बोलीतलं ‘का’, असं नाव दिलं होतं. हैदराबादेत शिकलेल्या या शहाण्यानं ते हिंदी ‘कौन’ वाचलं आणि पडद्यावर आणलं, ‘गाडी परत करणारा: ओलावा’. दुसऱ्याच दिवशी शेतकरी पंढरी दारात हजर. “बाई, हे ओलावासाहेब कोन्त्या आफिसात बसते? मले त्यायले भेटाचं हाय.”

तेव्हापासून कोड मयूरीकडे जाणार, असं सगळे धरून चालले आहेत. पोरगी गुणी आहे. पण मी कोडचं काढलं की “हो आई, तुझंच बरोबर,” म्हणते आणि फोन ठेवते. जयदीप दर रविवारी येतो आणि ताटातलं निवेपर्यंत भांडतो. माझी ओळ न् ओळ त्याला पाठ आहे, नावं ठेवायला का होईना. एवढं दुसऱ्या कोणी वाचलेलं नाही.

सबब कोड, सर्व्हर व पासवर्ड जयदीपला. माझा त्याच्यावर फार जीव आहे, पण हे त्याला आत्ता सांगू नये, डोक्यावर बसेल. मी गेल्यावर त्यानं सगळं खुशाल बदलावं. अडवायला मी नसले की त्याचं मन लागणार नाही, हे मला ठाऊक आहे.

सही: सुनयना व्यंकटेश पांडे
साक्षीदार: गोपाल वानखडे, प्रगती वानखडे (शेजारी)
बोथ, १० नोव्हेंबर २०२५