सुनेची परीक्षा आणि लोटलेलं दार

ती. जाऊबाईंना धाकट्या लंकाबाईचा पाया पडून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे, गुडघे काय म्हणतात, ते कळवा. सध्या मला तुमच्या तब्येतीची विशेष काळजी आहे (का, ते शेवटी येईलच). आम्ही इथे नाशिकला इंदिरानगरात सगळे ठीक, फक्त माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनच केला असता, पण पूजा पलीकडच्या खोलीत वाचत बसते आणि तिचे कान नर्सचे आहेत. म्हणून हे पत्र गोरक्षच्या हाती, डिंकाने चिकटवून विंचूरला पाठवतेय. तिच्याच नवऱ्याच्या हातून काय चाललंय, ते तिला कळायला नको.

सूनबाई नोकरी सांभाळून नर्सिंगची पदवी करतेय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्या वेळी एक विषय राहिला. का राहणार नाही? ही रजा काढून अभ्यासाला बसली की अख्ख्या सोसायटीला बीपी होतो. कोणाचं इंजेक्शन, कोणाची पट्टी, कोणाच्या नातीचा ताप. खालच्या भागुबाई तर भाजीला जाताना एकदा आणि भाव ऐकून आल्यावर एकदा बीपी मोजून घेतात. पोरीला नाही म्हणता येत नाही आणि मला बसवत नाही. मी दारापासून गॅसपर्यंत नुसत्या येरझारा घालते (तरी दूध उतू जातंच, ते वेगळं).

शेवटी मी शक्कल लढवली. दार लोटलं आणि बाहेर जाहीर केलं, सून बाजूला बसलीय, कोणाला शिवणार नाही. काय सांगू, जिना ओस पडला. आपण दोघी त्या कोपऱ्यात बसून किती रडलोय, पण तेवढे दिवस कोणी काम सांगत नव्हतं, हेही खरंच ना? पूजाला वाटलं, लोक शहाणे झाले. तिचं निम्मं पुस्तक झालं आणि मला लोभ सुटला. चाराचे आठ केले, पुढे मोजलंच नाही. मग सोसायटी घाबरली. भागुबाई जास्वंदीच्या कळ्या तुपात परतून घेऊन आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "पूजा, अजून थांबलं नाही का गं?"

पूजा बाहेर आली. तिचा यंदाचा प्रकल्पच मुळी शाळेतल्या मुलींना पाळीत विटाळ नसतो हे समजावण्याचा. ती एवढंच म्हणाली, "आई, मी पेठ तालुक्यातल्या शाळांत काय सांगते आणि माझ्याच दारात तुम्ही काय सांगता?" मग दार सताड उघडून तिने सगळ्यांचा बीपी मोजला. पहिला माझा. बराच वाढलेला होता. मला फार लाज वाटली. पण जाऊबाई, माझी सातवी धाकट्या भावंडांना सांभाळण्यात गेली. हिची पदवी भागुबाईंच्या बीपीत जाऊ देणार नाही. परीक्षा तोंडावर आलीय.

तुमची,
लंकाबाई

ता. क. पाळीचं नाव पुन्हा घेणार नाही, अशी पूजाने माझ्याकडून शपथ घेतली. सुतकाबद्दल ती काही बोलली नाही.

ता. क. २. तर कालपासून तुम्ही वारलात. त्रास काही झाला नाही, झोपेत गेलात. भागुबाई फार रडल्या. पेपर संपेपर्यंत नाशिकला पाऊल टाकू नका.

ता. क. ३. आणि रोज सकाळी पूजाला फोन करून तासभर बीपी सांगता, तेही बंद. मेलेल्या माणसाला बीपी नसतो. गोळी मात्र वेळेवर घ्या.